नऊ मुठींची मयरी

रामकली खोटं बोलायची ती फक्त फोनवर. समोर बसलेल्या माणसाशी तिला खोटं जमत नाही, मध्येच हसू फुटतं. पण पुण्याहून तिच्या मोठ्या पोराचा, हेमेंद्रचा फोन आला की बाई सुरू. "घरात पाय ठेवाले जागा नाई गा, लगित मानसं बसून राहिले." माणसं म्हणजे मी एकटी. मग ती मला हाताने खूण करायची, की खोकल. मी खोकायची. पुन्हा खूण, की आता दुसऱ्या आवाजात. मी सत्तरीची बाई, रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरून भरून म्हातारी झालेली, आणि या वयात चार जणांचं खोकणं शिकली.

माझं नाव फुलवंता. पण ते रामकलीच्या तोंडून कोणी ऐकलं नसेल. ती लग्न होऊन सौंदडला आली, त्या पहिल्याच वर्षी आम्ही दोघींनी एकमेकींच्या कानामागे भुजलीचे कोंब खोवले. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब तळ्यावर नेतात, तेव्हा ज्या दोघी असं करतात त्या जन्मभराच्या बहिणी. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणायचं. ती पोवारांच्या मोठ्या घरची सून, आम्ही गोंड, सात देव मानणारे. तिच्या सासूने महिनाभर तोंड फुगवलं. रामकली सासूला म्हणाली, "आता कोंब निंगत नाई जी, कानाले चिकटला." इथे मी तिचं नाव लिहून राहिली आहे, पण तोंडाने अजूनही घेत नाही.

तर गोष्ट मयरीची. पोवारांकडे दसऱ्याला मयरी होते. आंबट ताकात शिजवलेला तांदूळ, दिसायला साधा, पोटाला जड. ज्या त्या घरची रीत वेगळी. रामकलीच्या सासरची रीत अशी, की घरात जितकी माणसं जिवंत तितक्या मुठी तांदूळ घ्यायचे, मग माणूस चुलीपाशी असो की मुलुखाबाहेर. ती मयरी घरच्यांनीच खायची. उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, गाईला घालायची नाही, आणि दिवस मावळायच्या आत गंज, म्हणजे तिचं पातेलं, रिकामा झाला पाहिजे.

ती सून होती तेव्हा सोळा मुठींचा गंज दुपारीच खरवडून व्हायचा. मग काही माणसं देवाघरी गेली, काही नोकरीवर. आता नऊ मुठी. हेमेंद्रकडचे पुण्यात चौघं, धाकट्या योगराजकडचे सुरतेत चौघं, आणि चुलीपाशी रामकली.

मागच्या दसऱ्याला तिने त्या नऊही मुठी एकटीने खाल्ल्या. सकाळपासून बसली. दोन वाटे खायची, अंगणात चकरा मारून खाली बसवायची, पुन्हा पाटावर. मी दारातून म्हटलं, "भुजली, मरशील." ती म्हणाली, "तोंडात घास आहे, बोलवू नको." तिसऱ्या दिवशी तिला सलाईन लागलं. डॉक्टरने विचारलं, आजी काय खाल्लं होतं? तर ही म्हणते, "दोन पोरं, दोन सुना न चार नातवंडं." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

हेमेंद्र विमानाने नागपूरला उतरला आणि तिथून धावत आला. त्याला हसू आलं नाही.

"आई, एकच मूठ टाकत जा ना."

"कोनाची काढू? तुझी काढू का प्राचीची?"

प्राची त्याची लेक, आठवीत आहे. मुठीचा विषय त्याने सोडला. पण पोरगा आईवरच गेला आहे, अडेल. म्हणाला, "मग ऐक. पुढच्या सालच्या दिवाळीले आमी चार जन येऊ न पाच जाऊ. घराले कुलूप. त्याआधी दसऱ्याले तुझ्यासंगं बसून मयरी खानारं कोनी दिसलं, तं राय इथंच, मी एक शब्द बोलनार नाई. बारा वाजता फोन लावीन, चेहरे दाखवाचे. खोकनं चालनार नाई."

खोकण्याचं त्याला माहीत होतं तर.

रामकली सापाला भीत नाही, सरपंचाला भीत नाही. पण पुण्याच्या त्या नवव्या मजल्यावर ती एकदा महिनाभर राहून आली आहे. परत आल्यावर मला म्हणाली, "भुजली, खिडकीतून पाहाव तं मानसं मुंगीएवढे. कोनाले शिवी देल्ली तं खालपर्यंत पोचत नाई. तसं कसं जगाव?"

मग यंदाचा दसरा आला. तिने जेवायला दोघांना बोलावलं. एक मी, माझी लेक भिलाईला आहे, तिला सुटी नव्हती. दुसरे मनिरामभाऊ. ह्या माणसाने तीस वर्षं रेल्वेचं फाटक उघडलं आणि बंद केलं. आता बायको नाही, पोरगा रायपूरला. अजूनही दारात कोणी आलं की आधी हात आडवा करून थांबवतात, मग आत सोडतात.

पळसाच्या तीन पत्रावळी मांडल्या. उडदाचे वडे, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची भाजी, खीर. सगळं वाढलं. मयरीचा गंज मात्र चुलीशेजारी, वर ताटली, ताटलीवर वरवंटा. जसं काही आत साप आहे.

साडेअकरा वाजले. मनिरामभाऊ म्हणाले, "पाटलीनबाई, मयरी वाढा ना. बारा वाजता पोराले काय दाखवनार?"

"तुमी घरचे आहा का?"

"मग बोलावलं कायले?"

"वडे खाले."

मी म्हटलं, "भुजली, मी तं तुझी बहीन. मले वाढ."

"बहीन तं परघरची असते. सख्ख्या ननदेले मी या मयरीचं बोट चाटू देल्लं नाई. तू बहीन नसती तं काही विचार केला असता."

आता याला काय म्हणावं. पन्नास वर्षांपूर्वीचा कोंब माझ्याच आड आला.

मनिरामभाऊंनी वडा खाली ठेवला. "घरचं होयाचा रस्ता तरी सांगा."

"दोनच. या घरात जलमाले याव, नाई तं लगन करून याव."

भाऊंनी मिशा पुसल्या, छताकडे पाहिलं. "जलमाची उमर तं निकल गयी," ते हळूच म्हणाले.

रामकलीने वाढायचा डाव उचलला. "दुसरी गाडी भी गेली, फाटकवाले. तुमी तिलेच हिरवी झेंडी दाखवत बसले."

मी हसता हसता खीर सांडली. पण घड्याळ चालूच होतं. मी म्हटलं, अगं आमच्या पत्रावळीवर नुसती वाढून ठेव, दाखव, मग आम्ही हात लावत नाही. ती म्हणाली, पत्रावळीवर उष्टी पडली की कोणी खायची? मनिरामभाऊ म्हणाले, खीर दाखवा, फोनमध्ये पांढरं ते सगळं सारखंच दिसतं. तिने तिकडे लक्षही दिलं नाही. घरभर माणसं आहेत म्हणून वर्षभर थापा मारणारी बाई, पण मयरीपुढे तिचा हात जागचा हलेना.

बाराला फोन वाजला. हेमेंद्रचं तोंड दिसलं, मागे सून योगेश्वरी आणि दोन्ही पोरं. तिकडेही सगळे जेवायलाच बसलेले. रामकलीने फोन फिरवून आम्हाला दाखवलं. मी मान डोलावली. मनिरामभाऊंनी सवयीने हात आडवा केला.

"बरं झालं मावशी, काका, आले तुमी," हेमेंद्र म्हणाला. "मयरी कशी झाली?"

माझ्या तोंडात वडा होता. मी 'फसकिलास' म्हणणारच होती, पण रामकलीने मला डोळ्यांनी दाबलं. फोन आपल्याकडे वळवला.

"कोनी खाल्ली नाई गा. गंज भरला आहे."

हेमेंद्रने हातातला घास ताटात ठेवला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. तो म्हणाला, "मग आई, दिवाळीले सामान बांधून ठेव."

"थांब." रामकली पाटावर बसली, फोन वाटीला टेकवून ठेवला. गंजाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. "हेमेंद्र, तुले या गंजातलं आपल्या हातानं खाता येते का?"

"आई, मी पुन्यात..."

"येते का नाई ते सांग."

"नाई येत."

"योगेश्वरीले?"

"नाही," सून मागून म्हणाली.

"ज्याले आपल्या हातानं खाता येत नाई ते लेकरू. न अंगावरच्या लेकराचा वाटा, ते ज्याच्या कडेवर असन त्यानं खायाचा. तू चार महिन्याचा होता तवा पानी भरनारीच्या कडेवर होता. तुझी मयरी तिनं खाल्ली, तुझ्या आजीनं आपल्या हातानं वाढली. तिले कोनी पुसलं नाई तू कोन्या कुळाची."

हे मला माहीत नव्हतं. तिने तिथल्या तिथे रचलं असेल असं मनात आलं. पण ती आमच्या समोर बसून बोलत होती आणि हसली नाही. म्हणजे खरंच असणार.

तिने फोन उचलला आणि माझ्याकडे केला. "घे वो भुजली, कडेवर घे."

मी घेतला. डाव्या कुशीत, पदराच्या आत, जसं लेकरू धरतो तसा. चार माणसांचं घर, वजन पावभरही नाही. रामकलीने वरवंटा काढला, ताटली काढली आणि माझ्या पत्रावळीवर हेमेंद्रचा वाटा पडला.

"मावशी," कुशीतून आवाज आला, "मले काहीच दिसून नाई राहिलं. तुमचा पदर दिसते."

"कडेवरच्या लेकराले पदरच दिसते. गप राय, खाऊ दे."

तिकडे पोरं फिदीफिदी हसत होती. हेमेंद्र संपला, मग योगेश्वरी वाढली. प्राची म्हणाली, "आजी, माझी थोडीच वाढ, मी डाएटवर आहे." आजीने तिचीही तेवढीच वाढली. डाएट तिचं, पोट माझं.

मनिरामभाऊंना राहवेना. त्यांनी आपल्या फोनवरून योगराजला सुरतेत फोन लावला. तो फाफड्याच्या दुकानापुढे लाईनीत उभा होता, तिकडे दसऱ्याला तेच खातात म्हणे. "जहाँ हो वहीं खडे रहो," भाऊ म्हणाले, "तुम मेरी गोद में हो." आणि फोन कमरेशी लावला. पुरुषाला कड कुठली, दर घासाला योगराज घसरून मांडीवर. शेवटी रामकलीने आपल्या लुगड्याच्या चिंधीने त्याला भाऊंच्या कमरेला बांधलं. योगराज लाईनीतून ओरडत होता, काका, मले का झालं. कोणी सांगायला मोकळं नव्हतं.

रामकलीने आपला एक वाटा खाल्ला. एकच. मग हात धुऊन आम्हाला वाढत बसली, आणि कोणी थांबलं की डाव वाजवायची.

माझ्या चौथ्या वाट्याला पदरातून हेमेंद्र पुन्हा बोलला. आवाज बारीक होता. "मावशी, आईनं किती खाल्ली?"

"एक. आपली."

"न तुमी?"

"तुमा चौघाची. तू सगळ्यात जड."

त्याने विचारलं, "ताक आंबट आहे का?"

"एक डोळा मिटते एवढं."

त्याने घोट गिळलेला मला ऐकू आला. म्हणाला, "पुढच्या वर्षी घेसान ना कडेवर?"

"वजन कमी करून ये मग."

तीन वाजता गंज रिकामा झाला. मी आणि मनिरामभाऊ ओसरीवर आडवे, बोलायची सोय नव्हती. भाऊ पुढचे दोन दिवस नुसत्या पाण्यावर होते. मला बजावलं, रायपूरला कळू देऊ नका. रामकलीला काहीच झालं नाही. संध्याकाळी सोनं वाटायला गावभर फिरून आली आणि आम्हाला म्हणाली, एवढ्याशानं पडले.

दिवाळीला चौघं आले. हेमेंद्रने पाचवं तिकीट काढूनच ठेवलं होतं, दसऱ्याच्या आधी. पण त्याने शब्द पाळला, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. जायच्या दिवशी नुसता दारात घुटमळत होता. रामकली म्हणाली, "निघा आता, मले अंगन सारवाचं आहे."

सारवायचं ठेवून ती गोंदियाच्या स्टेशनपर्यंत आलीच. गाडीत चौघं बसले. पाचव्या जागेवर तिने नव्या तांदळाचं पोतं बसवलं, खिडकीला टेकवून सरळ केलं, वरून टॉवेल पांघरला.

हेमेंद्र म्हणाला, "आई, टीसीनं विचारलं तं का सांगू?"

"आई आहे म्हनून सांग," ती म्हणाली. "झोपली आहे म्हन."