मंदाताईचं सैन्य

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून भाचीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी इतवारीच्या बाजारात पितळी समया पाहत होतो. "मामा, आई गेली…" एवढंच ती बोलली. दिवाळीला अजून पंधरा दिवस होते. हे दिवस मी पुन्हा पुन्हा का मोजतो, ते पुढे सांगतो.

मंदाताई माझी सख्खी थोरली बहीण. पारशिवनीच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मूत्रपिंडं निकामी झाली आणि दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात सुया, चार तास नुसतं पडून राहायचं. जपानात नोकरी करणाऱ्या पल्लवीनं तिकडून एक हातात मावणारं, दोन पडद्यांचं गेमचं यंत्र आणून दिलं. त्यातला खेळ लढाईचा, अक्षरं सगळी जपानी. ताईला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. पण खालच्या पडद्यावर नकाशा होता, आणि नकाशा तिला कोण शिकवणार? यंत्र उशीला टेकवून, उजव्या हातातल्या बारीक काडीनं ती शिपायांच्या तुकड्या खिंडीतून, पुलावरून नेऊ लागली. जो लढेल त्याचं बळ वाढतं, त्याला नवी हत्यारं मिळतात, हे तिनं हरून हरूनच शोधून काढलं. शेजारच्या पलंगावरच्या बाई विचारायच्या, "मास्तरीणबाई, आज कोणतं गाव जिंकलं वं?"

मी सोबतीला बसायचो. श्रावणात माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. माझं एक मूत्रपिंड तिला चालणार होतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मला झोप नव्हती. ताईपुढे मात्र म्हणालो, "ऑपरेशनचं दिवाळीनंतर बघू का?"

"बरं," ती म्हणाली. बस, एवढंच. काहून म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात तिच्या एका तुकडीला पुलावर दोन्हीकडून घेरलं. मी म्हणालो, "ताई, थांबव ना जरा, विचार कर."

"हे बुद्धिबळ नाही गा. आपण विचार करून राहिलो, तरी तिकडचे चालूनच येऊन राहिले." ती खेळाबद्दलच बोलत होती. तिची नजर पडद्यावरून हललीही नव्हती. मला मात्र मान वर करवली नाही.

मग दिवाळी तीन आठवड्यांवर असताना ताईला जंतुसंसर्ग झाला. पल्लवी जपानहून धावत आली. सहा दिवसांत सगळं आटोपलं.

तेरवीनंतर पल्लवीनं ते यंत्र माझ्या हातात दिलं. ती परत जाणार होती. चालू करून दाखवताना तिनं सैन्याची यादी उघडली. शिपायांना नावं देण्याची सोय होती, आणि ताईनं इंग्रजी अक्षरांत घरचीच नावं घातली होती. दिवंगत भाऊजी घोड्यावर, सगळ्यांत पुढे. पल्लवी धनुर्धारी. शाळेतला शिपाईसुद्धा केवढा बळकट झालेला! शेवटी माझं नाव. सुनील. बळ, एक. किल्ल्याच्या दारात भाला घेऊन उभा, अंगावर ओरखडा नाही.

"तुम्हाला ती कधीच लढाईला न्यायची नाही," पल्लवी म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाली, 'राहू दे त्याले. लहानपणापासून भितो तो.'"

हे ती कधी म्हणाली, ते मी विचारलं. पल्लवीनं आठवून सांगितलं. माझ्या तपासण्यांच्या कितीतरी आधी…

आता मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन वाजले की माझ्या हातून ते यंत्र उघडलं जातं. उत्तरेकडून शत्रू निघतो. भाऊजी, पल्लवी, सगळे हुकमाची वाट बघत उभे असतात. मी काडी माझ्या नावावर टेकवतो. तो भालेवाला लगेच मान वर करतो, जायला तयार होतो. काडी तिथंच राहते. पुलावरून तिकडचे चालत येत असतात.