सावलीकडची खिडकी

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर एक पोरगा बसची तिकिटं काढून देतो. कुठं आणि कधी जायचं हे कळलं की डोळे मिटतो, हवेत हात फिरवून त्या वेळी ऊन कुठून येईल ते ठरवतो आणि सावलीकडची खिडकी देतो.

आम्हा नवराबायकोचं मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजाचं तिकीटही त्यानंच काढलं. स्वस्तातली, बिनखिडकीची खोली. त्यानंतरही तो रोज सकाळी अगरबत्ती लावून जहाजाच्या तिकिटाचा भाव बघायचा. एक दिवस भाव उतरला, तसा कंपनीला फोन लावून भांडला.

"मी त्याईले म्हनलं काकी, भाव पडला तं आमची भाजीवाली बी वरून मूठभर टाकते, तुमी काऊन नाही?"

पैसे परत मिळाले नाहीत; त्याऐवजी खिडकीची खोली मिळाली. तो असा खुलला, जणू स्वतःच निघाला होता.

जहाज सुटलं तोच त्याचा फोन. "काकी, ऊन तं नाही येऊन राह्यलं ना?"

जहाज वळत होतं. ऊन थेट माझ्या तोंडावर आलं होतं.

"नाही रे बाबा," मी डोळे मिटून म्हणाले, "छान सावली आहे."