सिरोंच्याचा खरबा

आलापल्ली मागे पडली, तरी सागाचं रान संपेना. प्रवासी मोटारीत बसून बसून पाय आखडले होते; मन तर त्याआधीच सिरोंच्याला पोचलं होतं. नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा मी जन्माने रत्नागिरीचा. आमच्या खाडीतला खरबा मासा इथेही मिळतो, असं कोणीतरी सांगितलं आणि मला राहवलं नाही.

सिरोंच्याला गोदावरीच्या उथळ पाण्यात तिथले मासेमार राजय्याभाऊ यांनी जाळं ओढलं आणि वीतभर, मळकट मासा हातावर ठेवला. पोटाखालचे पर जुळून झालेली ती वाटी मी लगेच ओळखली. याच वाटीने तो दगडाला चिकटून राहतो. मादी दगडाखाली अंडी घालते आणि राखण नर करतो.

“आम्ही याले इसुकदोंडू म्हणतो,” राजय्याभाऊ म्हणाले. (तेलुगूत इसुक म्हणजे रेती.)

“पण समुद्र इथून किती लांब!”

“माशाले कोन सांगन?” ते हसले.

तीन खरबे मडक्यात घेऊन मी परतीच्या मोटारीत बसलो. भर दुपारी रानात इंजिन बंद पडलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

शेजारी बांगड्यांचे व्यापारी करीमभाई होते. “मास्तर, पानी तापून राह्यलं. तिथी नाला हाय, चाला!”

नाल्यात पाणी बदलताना मडकं निसटलं. तिन्ही खरबे रेतीत शिरले. वर फक्त डोळे उरले. मी हात घातला, तसे तेही नाहीसे झाले. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. ड्रायव्हर भोंगा वाजवू लागला. मी गुडघ्यावर बसून वेड्यासारखा उकरत होतो. करीमभाईंनीही बाह्या वर केल्या.

“एकट्याले काऊन उकरू देता? या ना सारे!” त्यांनी हाक दिली.

निम्मी मोटार नाल्यात उतरली. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंच्या ओंजळीत एक खरबा वळवळला. “घे भाऊ, पन आता मडकं पक्कं धर!” बाकीचे दोघे तिथेच राहिले.

नागपूरला काचेच्या टाकीत तो खरबा सारखा काचेवर धडका देत फिरत राहिला. मला ते बघवेना. सकाळी तळाशी कन्हान नदीची रेती पसरली. तो क्षणात आत शिरला आणि शांत झाला.

मला मात्र त्या खोलीत बसवेना. संध्याकाळी मी घरी जायला आगगाडीची आणि पुढे रत्नागिरीच्या बोटीची चौकशी करत होतो.