उंचीचा निकष

प्रयोगशाळेत आज रबराच्या नमुन्यांचा खोका उघडला आणि नव्या बास्केटबॉलचा उग्र वास आला. क्षणात सदाशिव पेठेतले ते मैदान डोळ्यांपुढे उभे राहिले. शहराच्या पहिल्या व्यावसायिक महिला संघाची निवड तिथे चालली होती. तो संघ पुढे दोनच हंगाम टिकला. पण त्या सकाळी मला त्यात जागा हवीच होती आणि माझी उंची निकषाला किंचित कमी पडत होती.

उभे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या दबतात, हे मी वाचले होते. म्हणून मोजमाप होईपर्यंत मी मैदानालगतच्या गार फरशीवर उताणी पडून राहिले. माझे पाहून आणखी काही मुली आडव्या झाल्या.

"निवड झोपेची नाहीये, बायांनो," प्रशिक्षिका पाटणकरबाई म्हणाल्या.

उंची तरीही कमीच भरली.

"आता काय? लोंबकळणार?"

"नाही, बाई. बास्केटमागच्या फळ्यावर आपटलेला चेंडू कुठे येणार, ते मला आधी कळतं. आपण तपासून बघा."

बाईंनी सर्वांत उंच मुलीला माझ्याशेजारी उभे केले आणि चेंडू फळ्यावर मारला. ती उडी घेईपर्यंत मी दोन पावले सरकले होते; चेंडू माझ्या हातात आला. बाईंनी पुन्हा मारला, मग दुसऱ्या कोनातून; दोन्ही वेळा चेंडू माझ्याच हातात आला.

तेव्हा वाटले होते, मी सवलत मिळवली. आज वाटते, मी त्यांना योग्य गोष्ट मोजायला लावली.

"संघाचे बूट मागवायचेत," बाई म्हणाल्या. "नंबर काय गं तुझा?"