धर्मादादाची बैठक

धर्मा ठाकूर ट्रेलर चालवतो. रेवसच्या अलीकडच्या गावातला गडी. बापाने मिठागरात उभं राहून पाय झिजवले, पोराने कॅबिनमध्ये बसून कंबर झिजवली. दिवसभर कंटेनर घेऊन बंदराच्या रांगेत बसायचं, घरी येऊन जेवायला बसायचं, मग टीव्हीपुढे बसायचं. बायको बायजा म्हणायची, "ह्ये उभं ऱ्हातात ते फक्त आंघोळीला." तेही खोटं. आंघोळीलाही धर्मा पाटावर बसायचा.

पण गेल्या चैत्रात नाक कापलं गेलं. गावदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा म्हणजे धर्माच्या घरचा मान, आज्यापासून चालत आलेला. धर्माने दांडा खांद्यावर घेतला, देवळाची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरला आणि पाय बधिर! गुडघ्याखाली काही आहे की नाही, कळेना. दुसऱ्यांनी धावत येऊन खांदा घेतला. मागच्या दांड्याला चुलतभाऊ सदू होता. तो भर गावात म्हणाला, "दादा, पुढच्या सालीबी असंच झालं तर पुढचा खांदा मी घेनार हां." धर्मा वरवर हसला, आणि घरी येऊन मोरीत जाऊन रडला.

सालभर अंगावर काढलं. जत्रा दोन महिन्यांवर आली, तेव्हा बायजाने त्याला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मृणालबाई तरुण, मन लावून तपासणाऱ्या, वर्ध्याकडच्या. इकडे नुकत्याच आलेल्या. त्यांनी पायाची सूज दाबून पाहिली, साखर काठावर आल्याचं सांगितलं आणि म्हणाल्या, "काका, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. तुमची बैठक फार आहे. बैठक कमी करा."

झालं! वर्ध्यात बैठक म्हणजे बसणं असेल. आमच्याकडे बैठक म्हणजे बैठक. दर आठवड्याला मांडी घालून, तोंड मिटून निरूपण ऐकायचं, ती. धर्मा एकेकाळी इतका प्यायचा की त्याला घरी आणायला दोन माणसं लागायची. बैठकीला जायला लागला आणि बाटली सुटली ती सुटलीच. त्या बैठकीला हात घालता म्हणजे काय? धर्मा ताडकन उठला. इतक्या चपळाईने तो कित्येक वर्षांत उठला नव्हता.

"बाय, पाय गेलं तरी चालतील. बैठक सुटायची न्हाय!"

पुढचं ऐकायला थांबतो कोण? पण घरी पोचेपर्यंत राग उतरला आणि जीव कात्रीत सापडला. बैठकीने त्याला माणसात आणलं होतं, आणि पालखीचा खांदा गेला तर गावात तोंड कुठे दाखवायचं? बायजाने ते ऐकलं, पदर खोचला आणि नवऱ्याला घेऊन दवाखान्यात शिरली.

"डॉक्टरीणबाई, माझा मानूस बैठकीनं सुधारला. त्याला परत गुत्त्यात धाडता काय?"

मृणालबाई भांबावल्या. "गुत्ता कुठून आला? मी त्यांना बसणं कमी करा म्हटलं!"

"बसनं?" बायजा गर्रकन वळली. "कोनासंगती बसलास रं? परत चालू केलंस व्हय?"

"आईशप्पथ न्हाय!" धर्मा केविलवाणा झाला.

शेवटी बाईंनी दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "गाडीत हो, गाडीत बसणं!" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि बाहेर नंबर लावून बसलेले पेशंटसुद्धा हसायला लागले.

मग बाईंनी नीट समजावलं. "पोटरी म्हणजे पायातला पंप. चाललात की ती रक्त वर ढकलते. तासन्‌तास बसलात की पंप थंड, आणि सगळं खाली साठतं. अर्ध्या-पाऊण तासाने चार पावलं टाका. उतरता येत नसेल तर गाडी थांबलेली असताना टाचा वर-खाली करा. आणि तुमच्या बैठकीला खुशाल जा, फक्त चालत जा."

दुसऱ्या दिवसापासून बंदराच्या रांगेत तमाशा सुरू झाला. रांग थांबली की धर्मा खाली उतरायचा, टायर ठोकत ट्रेलरला फेरी मारायचा, मग पायरीला धरून टाचा उचलायचा. मागचा ड्रायव्हर ओरडला, "चाचा, पंक्चर है क्या?"

"टायर ठीक है रे, हवा मेरी कम है!"

चैत्र आला. धर्माने पुढचा दांडा घेतला. बायजा हात जोडून बघत होती. पाखाडी उतरून झाली, गावाला फेरी झाली, पाय शाबूत! परत देवळाकडे चढताना मात्र पालखी मागे ओढू लागली. धर्माने मान वळवली. सदू घामाने निथळत होता, तोंड पांढरंफटक. नागावच्या होमस्टेच्या गल्ल्यावर दिवसभर बसणारा माणूस तो.

"दादा," सदू कुजबुजला, "पाय हायत का न्हाय, कलत न्हाय."

वर्षभर गिळलेला अपमान धर्माच्या जिभेवर आला. एक टोमणा मारला असता तर फिटंफाट झाली असती. पण ते पांढरं तोंड त्याला ओळखीचं वाटलं. आतून कसं वाटतं ते त्याला ठाऊक होतं.

"थांब. दांडा सोडू नको. माझ्यासंगं टाचा वर कर. आता खाली. वर... खाली..."

पुढे एक ठाकूर, मागे एक ठाकूर, भर पाखाडीत टाचा वर-खाली करत उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यांवर पालखी डुलू लागली. ढोलवाल्याला वाटलं, देवी खेळायला लागली. त्याने ठेका धरला, गावाने जयजयकार केला. सदूच्या पोटऱ्यांत हळूहळू जीव आला आणि दोघा भावांनी पालखी देवळात नेली.