किनार बाकी

क्रोशाचा साधा खांब शिकायला एक सकाळ पुरते आणि त्याचा वीट यायला त्याच दिवशीची दुपार. सुईवर दोरा घ्या, खालच्या ओळीत सुई घाला, दोरा ओढून आणा, दोन दोन करून फास सोडवा. झाला खांब. त्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा, आणि ओळ संपली की तुकडा पलटून पुन्हा तेच. इंदुमतीबाईंच्या मते हे विणकाम नव्हतंच, हमाली होती. बाई नक्षीवाल्या. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत घराघरांत त्यांच्या हातचे अननसाच्या नक्षीचे टेबलक्लॉथ आणि मोरांची तोरणं होती. एखादीनं नक्षी कागदावर उतरवून मागितली तर बाई फटकारायच्या, "कागद कायले पायजे? डोळे हायेत ना तुले?"

अशा या बाईंनी पाच वर्षांत एकच वस्तू तीनदा विणायला घेतली, आणि तीही नुसत्या साध्या खांबांची. बाळाचं पांघरूण.

मूर्तिजापूरला, बाईंच्या माहेरी, बाळाला पहिल्यांदा पांघरायचं ते जुन्याचं. नवं नंतर, हवं तेवढं. म्हणून बाईंनी नवऱ्याचा, भीमरावांचा, राखाडी स्वेटर उसवला. भीमराव रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते आणि जयपूर ते सवाई माधोपूर हा त्यांचा पट्टा. थंडीत रुळांवर फिरताना घालायला बाईंनीच तो स्वेटर कधीकाळी विणला होता. लोकर धुतली, वाळवली, गुंडा केला. त्यांची सून अक्षदा हिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची ही गोष्ट. तिसऱ्या महिन्यात ते बाळ गेलं. बाईंनी अर्धं पांघरूण उसवून पुन्हा गुंडा केला. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात. पुन्हा गुंडा. आता तिसरी वेळ. इतकी उसवाउसवी सोसून लोकरीचा जीव गेला होता, तिच्यातून केस सुटत होते, नक्षी काढली तरी दिसली नसती. साधे खांब तेवढे ती अजून धरत होती.

आणि साध्या खांबांची खरी अडचण कंटाळ्याची नसतेच. नक्षी असली की डोकं तिच्यात अडकून राहतं. इथं तीन खांब एका घरात, इथं चार साखळ्या, इथं एक घर सोडायचं. साध्या खांबांत हात आपले चालत राहतात आणि डोकं मोकळं सुटतं. बाईंचं मोकळं डोकं दिवसभर एकाच ठिकाणी जाऊन बसायचं, अक्षदाच्या खोलीच्या दाराशी. ती बाथरूममध्ये इतका वेळ का? ती इतकी गाढ का झोपलीये? आत्ता ती हाक मारणार होती का? पिशवीचं तोंड सैल म्हणून डॉक्टरणीनं तिसऱ्या महिन्यात टाका घातला होता आणि पोरीला पलंगावरून हलू नको म्हणून बजावलं होतं. घरातला प्रत्येक जण पाय न वाजवता चालत होता.

शेवटी बाईंनी डोक्याला काम दिलं. एका ओळीत शंभर खांब होते. भीमरावांच्या पट्ट्यातली मोठी स्टेशनं दहा. दर दहा खांबांना एक स्टेशन. जयपूर, बाईस गोदाम, दुर्गापुरा, सांगानेर, शिवदासपुरा, चाकसू, निवाई, ईसरदा, चौथ का बरवाडा, सवाई माधोपूर. तिथं ओळ संपली, तुकडा पलटला, गाडी परत जयपूरकडे. मधली बारकी स्टेशनं बाईंनी खुशाल गाळून टाकली. यावर भीमराव एकदा चिडलेसुद्धा, "सिरस काहून सोडलं? माहे दोन सिग्नल होते तिथं." बाई म्हणाल्या, "तुमची गाडी थांबत असंन, माही नाई थांबत."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. या घरात नवस नव्हता, उपास नव्हता, गंडादोरा नव्हता. आपण धम्म घेतलेली माणसं, असलं काही आपल्याकडे चालायचं नाही, असं भीमराव वर्षातून चारदा तरी सुनावत, आणि बाईंनाही ते पटलेलं होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मांजर आडवं गेलं म्हणून त्या कधी थबकल्या नव्हत्या. फक्त एवढं एक आईचं त्यांच्या हातात राहून गेलं होतं. बाळ हातात येईस्तोवर त्याच्या विणकामाला शेवटची गाठ मारायची नाही. शेवटचा फास सैल ओढायचा, त्याला सेफ्टीपिन लावायची, गुंडा तसाच जोडलेला ठेवायचा. मूल आलं की मग गाठ आणि मग कात्री. मुलगा संकल्प जन्मला तेव्हा बाईंनी दवाखान्यात पडल्या पडल्या त्याच्या टोपीला गाठ मारली होती.

आपला यावर विश्वास आहे का, हे बाईंनी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं, आणि मग गाठ मारावी लागली असती.

ऑक्टोबरात अक्षदा म्हणाली, "आई, मला पण शिकवा ना. पूर्ण दिन छताला बघून बघून, मतलब, पागल होईन मी." ती अजमेरची, तिचे वडीलही रेल्वेतच, मराठी तिची अडखळत चाले, पण सासूशी ती हट्टानं मराठीतच बोलायची. बाईंनी तिला सुई धरायला शिकवली. पोरगी पडल्या पडल्या, उशीला टेकून खांब घालू लागली. शिकाऊ हात प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब विसरतो, तसा तिचाही विसरला, आणि तुकडा एका बाजूनं आत आत जायला लागला. बाईंनी तिला हसून स्टेशनांची युक्ती सांगितली. "पाय, तुही गाडी माधोपूरले पोचतच नाई. बरवाड्यातच डबा सोडून येतं तू."

मग ते पांघरूण दोघींचं झालं. सकाळी बाई दोन ओळी घालत, दुपारी अक्षदा एक. पलंगावरून हळू आवाजात ऐकू यायचं, "निवाई सात, निवाई आठ." खरं सांगायचं तर पाच वर्षांत त्या घरात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डिसेंबर अर्धा सरला. सहावा महिना लागला. सोनोग्राफी चांगली आली. संकल्प सी-स्कीम भागातल्या ऑफिसातून येताना एकदा गाजराचा हलवा घेऊन आला, आणि बाळाच्या नावानं काही आणायचं नाही असं ठरलेलं असूनही कुणी त्याला बोललं नाही.

ओळी पुऱ्या झाल्या तेव्हा बाईंनी फास सैल ओढून पिन लावली आणि पांघरूण टोपलीत ठेवलं. अक्षदानं विचारलं, "झालं ना, आई? आता कट करायचं?"

खरं सांगायची ती वेळ होती. स्वयंपाकघरात भीमराव चहा गाळत होते. त्यांच्या कानावर गेलं तर भाषण ऐकावं लागेल, आणि सुनेपुढं आपण अडाणी ठरू, एवढ्याशा लाजेपायी बाई खोटं बोलल्या. म्हणाल्या, "अजून किनार बाकी हाये."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी रिटायर झालेल्या रेल्वेवाल्यांची सहल कानोत्याच्या धरणावर निघाली. बाई जायला तयार नव्हत्या. अक्षदानंच लकडा लावला, संकल्प घरी आहे, तुम्ही चार महिन्यांत उंबरा ओलांडला नाहीत. बाई गेल्या. तिथं दाल-बाटी खाल्ली, पाण्याकडे बघत बसल्या, मैत्रिणींनी विचारलं तेव्हा "हाव, सहावा चालू हाये" असं पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आल्या तर अक्षदा पलंगावर तोंडभर हसत बसलेली. पायांवर पांघरूण पसरलेलं. चारही बाजूंना साखळ्यांच्या छोट्या छोट्या कमानींची किनार, थोडी वाकडी, थोडी सैल. दिवसभर मोबाईलवर बघून बघून तिनं ती घातली होती. शेवटी गाठ मारून दोरा कापून टोक आत लपवलं होतं, अगदी नीट, बाईंनी शिकवलं होतं तसं.

"सरप्राइज!" ती म्हणाली.

बाईंच्या तोंडून निघालं, "हे काय केलं वं? बाळ हाती यायच्या आधी गाठ काहून मारली?"

वाक्य एवढंच. पण ते ज्या आवाजात निघालं तो आवाज बाईंना स्वतःलाही नवा होता. मागून भीमराव आत आले, कसली गाठ म्हणाले, आणि मग सगळंच सांगावं लागलं. अपेक्षेप्रमाणे भाषण झालं. "माह्या घरात हे कुठून आलं? सूनबाई, ध्यान देऊ नको तू." संकल्प हसला. अक्षदासुद्धा हसली. बाईंनी किनारीचं कौतुक केलं, जरा जास्तच केलं. दुसऱ्या दिवसापासून पलंगावरून स्टेशनांची नावं ऐकू येईनाशी झाली.

पाच दिवसांनी पहाटे अक्षदाला कळा सुरू झाल्या. टाक्यानं धरलं नाही. मुलगी होती, वाचली नाही. डॉक्टरणीनं बनी पार्कमधल्या त्या छोट्या दवाखान्यात सगळ्यांना बसवून समजावलं, चित्र काढून दाखवलं, यात कुणाची चूक नाही म्हणाली. पुढच्या वेळेबद्दल तिनं विषय काढला तेव्हा संकल्प उठून बाहेर गेला. अक्षदा म्हणाली, "पुढची वेळ नाही." हे वाक्य तिनं अजिबात न अडखळता म्हटलं.

घरी आल्यावर तिनं काय करावं? टोपलीतून पांघरूण काढलं आणि आत लपवलेलं टोक शोधून सुईनं गाठ सोडवायला बसली. त्या केसाळ लोकरीत गाठ अशी रुतली होती की दोन दिवस लागले. बाई दारातून पाहत होत्या. जाऊन हातातून काढून घ्यावं असं त्यांना दहादा वाटलं, आणि दहाही वेळा त्यांचे पाय उचलले नाहीत. गाठ सुटल्यावर अक्षदानं सगळं उसवलं आणि पहिल्या साखळीपासून पुन्हा घालायला घेतलं. न किनार, न काही. साधे खांब. जेवायला हाक मारली की यायची, जेवायची, परत जाऊन बसायची. ओठ हलताना दिसायचे, आवाज नसायचा.

संक्रांतीचा दिवस उजाडला. जयपुरात त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर. स्पीकर लागलेले, आणि दर मिनिटाला कुठून तरी आरोळी, "वो काटा!" बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. भीमराव आपल्या खोलीत पेपर उघडून बसले होते. पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

दुपारी अक्षदाची शेवटची ओळ पुरी झाली. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. पांघरुणाच्या कडा त्यांनी नकळत बोटांनी तपासल्या. सरळ होत्या. या वेळी प्रत्येक ओळीत पुरे शंभर होते, एकही डबा मागं सुटला नव्हता.

"पोरी," बाई म्हणाल्या, "गाठीनं काही होत नसते. डॉक्टरीननं सांगतलं ना? माही मेली जीभ घसरली त्या दिशी. तुह्या गाठीचा काहीच संबंध नाई."

"माहीत आहे मला, आई."

"मंग?"

अक्षदानं सुईवरचा शेवटचा फास सैल ओढला, सुई काढून घेतली आणि पांघरूण बाईंच्या मांडीवर ठेवलं. वर कात्री ठेवली.

"मग मारा तुम्ही गाठ," ती म्हणाली. "आता तर काही भीती नाही ना? आता काय जायचं आहे?"

बाईंनी फास बोटात धरला. चाळीस वर्षांत हजार गाठी मारलेली बोटं. लोकरीचं टोक फासातून काढायचं आणि ओढायचं, एवढंच काम. त्यांनी मनाशी घोकलं, गाठीनं काही होत नाही, पोर हिच्या पोटात नाही, पुढची वेळ नाही, आता गाठ मारली काय आणि न मारली काय. सगळं खरं होतं. कात्री हातात होती. समोर पोरगी डोळे न हलवता त्यांच्या बोटांकडे पाहत होती. तिला एवढंच हवं होतं, की सासूनं ओढून घट्ट गाठ मारावी आणि त्या रविवारच्या वाक्याचा निकाल लागावा.

बाहेर कुणाचा तरी पतंग कटला आणि सगळ्या गच्च्या एकदम ओरडल्या.

बाईंचा हात उचललाच नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जीव काढून द्यायला त्या तयार होत्या, पण बोटं ऐकेनात. थोड्या वेळानं त्यांनी पदराच्या आड हात नेऊन ब्लाऊजची सेफ्टीपिन काढली, आणि मान खाली घालून ती त्या फासात अडकवली.

अक्षदानं ते सगळं पाहिलं. तिनं पांघरूण परत घेतलं, घडी घातली आणि टोपलीत ठेवून दिलं.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "किनार बाकी असेल."

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाई तिथंच कात्री हातात धरून बसून राहिल्या.