शून्य नंबरचं घर

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, ठसका लागेल. एवढी मी शहाणी, पण त्या गणेश चतुर्थीला जे केलं ते वैऱ्यानेही केलं नसतं!

साठी उलटल्यावर मी प्रोग्रामिंग शिकले. एकटीने, पुस्तकांवर डोकं फोडून. कामोठ्यात आमचा बायकांचा उकडीच्या मोदकांचा उद्योग. मी म्हटलं, पत्त्यांच्या चिठ्ठ्या कसल्या लिहिता? रिक्षावाल्याने मोबाइलवर लिंकच्या शेवटी ऑर्डर नंबर टाकायचा, की पत्ता हजर!

सून खारघरला सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणाली, "आई, एकदा तपासून देऊ?"

"तुझ्या साहेबाचं तपास!"

चतुर्थीला नैवेद्याची वेळ झालेली. डबे भरून किसन रिक्षा घेऊन निघाला आणि लगेच परत!

"आजी, ह्यो पत्ता तं तुमचाच हाय!"

"मेल्या, दुसरा नंबर टाक."

"टाकला. तरी तुमीच! कामोठ्यात दुसरं कोन रातच नाय काय?"

रिक्षा खाली लावून तो चहाला गेला. इकडे माझी भागीदार कुमुद ओरडतेय, "अगं, फोनवर फोन! घरोघरी बाप्पा उपाशी!"

"गप्प बस!" म्हणत मी आतून कडी लावली आणि कॉम्प्युटरला भिडले.

काय निघालं? लिंकच्या साच्यात नंबराच्या जागी कंसात नाव लिहिलं होतं 'आयडी'. खाली मेथडच्या पॅरामीटरला, म्हणजे तो नंबर झेलणाऱ्या डब्याला, म्हटलं होतं 'ऑर्डर'. यंत्र नावाला नाव जुळवतं हो, मनकवडं थोडंच आहे! जुळेना म्हणून ते आधी बोंबललं होतं. मी काय करावं? 'काही मिळालं नाही तर शून्य धर' असं सांगून त्याचं तोंड बंद केलं! आणि शून्य नंबरला, चाचणीपुरता, पत्ता कोणाचा? माझा! चाचणीत माझंच घर आलं, आणि मी स्वतःची पाठ थोपटली!

दोन्हीकडे 'आयडी' केलं. गॅलरीत धावले. "किसन, निघ! आता चुकलं तर माझं नाव बदल!"

तो चहा टाकून सुसाट गेला. थोड्या वेळाने फोन.

"आजी, घर एकदम बरोबर!"

"मग! सांगत होते ना?"

"पन इथल्या बाई म्हनतात, कुमुदताईंनी गिऱ्हाइकांना फोन करून बोलावलं, मंग सगल्या बायका मगाशीच रिक्षातून आपापला डबा घेऊन गेल्या. मागं बगतो तं रिक्षा रिकामी! आता यांना देऊ काय?"

मी काय माघार घेते? म्हटलं, "मोबाइल दाखव त्यांना. बघू देत, पत्ता कसा अचूक येतो ते!"